केळीच्या मळ्यात महोगनी : यावल तालुक्यातील एका लागवडीचा प्रकरण अभ्यास

जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला लागून असलेल्या एका शिवारात, तीन एकर केळीच्या मळ्यावर २०१८ च्या पावसाळ्यात महोगनी लावण्यात आली. सात वर्षांनंतर त्या मळ्यात तीन तऱ्हेची झाडे उभी आहेत. नाल्याच्या कडेची झाडे सरळ आणि भरदार वाढली आहेत. मधल्या उतारावरची डोक्याच्या उंचीवरच फुटून खराट्यासारखी झाली आहेत. आणि वरच्या अंगाच्या काही ओळी तर मुळात त्या जातीच्याच नाहीत. लागवड एकाच आठवड्यात, एकाच मापाच्या खड्ड्यांत आणि एकाच ठिबक संचावर झालेली असताना एवढा फरक का पडला, आणि आता त्या कुटुंबाने काय करावे, हा या अभ्यासाचा विषय आहे. कुटुंबाच्या इच्छेनुसार नाव-गाव दिलेले नाही. रोपे विकणाऱ्या कंपनीचेही नाव घेतलेले नाही. तशा कंपन्या अनेक आहेत आणि त्यांची पत्रके वाचली तर एकाची दुसऱ्यावरून नक्कल केली असावी असेच वाटते.

केळी का सुटली

रावेर-यावल-चोपडा या पट्ट्यात केळी सोडणारा शेतकरी सहसा हौसेने सोडत नाही. या कुटुंबाचा मळा तीन पिढ्यांचा. सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांनी आणून टाकलेल्या गाळ-गोट्यांच्या थरांमुळे पायथ्याच्या या भागात पाणी जमिनीत चांगले मुरते, आणि त्याच भरवशावर येथे विहिरी व नंतर ट्यूबवेल वाढत गेल्या. उपसा मात्र मुरण्याच्या पुढे गेला. पाण्याची पातळी खाली जात राहिली, ट्यूबवेल पुन्हापुन्हा खोल करावी लागली, आणि मे-जूनच्या वादळात कापणीला आलेले घड आडवे होण्याचे प्रसंगही वाट्याला आले. त्यात घरचा मुलगा पुण्याला नोकरीला, जुना सालदार म्हातारा झालेला, नवा सालदार मिळेना. अशा वेळी ‘एकदा झाडे लावा, बारा वर्षांनी तोडा, मध्ये काही करायचे नाही’ असे सांगणारा माणूस दारात आला, तर त्याचे म्हणणे गोड वाटणारच.

पत्रकात तीन दावे होते. महोगनी हा वर्षावनातील मौल्यवान वृक्ष आहे, त्याच्या तोडीवर जगभर निर्बंध असल्याने भाव चढतच जाणार, हा पहिला. तो कमी पाण्यावर आणि कोणत्याही जमिनीत येतो, हा दुसरा. बारा वर्षांत प्रत्येक झाडापासून वीस घनफूट लाकूड मिळून एकरी उत्पन्न कोटीच्या घरात जाईल आणि कंपनी स्वतः माल उचलेल, हा तिसरा. तिन्ही दाव्यांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे, म्हणूनच ते पटतात. त्यांपैकी दुसरा दावा झाडाच्या मूळ अधिवासाशी थेट निगडित असल्याने तो आधी पाहतो.

महोगनीचे स्वतःचे रान

मोठ्या पानांची महोगनी, म्हणजे स्विटेनिया मॅक्रोफायला, ही मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून मध्य अमेरिकेमार्गे खाली अ‍ॅमेझॉन खोऱ्याच्या दक्षिण कडेने ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियापर्यंत पसरलेली जात आहे. ती आपल्या कडुनिंबाच्या कुळातील, म्हणजे मेलिएसी कुळातील. याच कुळातला रोहण सातपुड्याच्या कोरड्या रानात आजही भेटतो आणि त्याचे लालसर लाकूड जुन्या सुतारांना चांगले ठाऊक आहे. घरच्या जंगलात महोगनीचा भाऊबंद असताना त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, याचे मला नवल वाटते. महोगनीचे भारताशी नाते तसे नवे नाही. १८७२ साली होंडुरासहून तिचे बी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आले, आणि तेथेच वाढलेल्या झाडांवरून उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज किंग यांनी १८८६ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. हजारो मैल दूरच्या रानातील झाडाला त्याचे शास्त्रीय नाव असे हुगळीकाठी मिळाले.

‘वर्षावन’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बारमाही टपटपणारे, अंधारे जंगल येते. महोगनीचे जंगल बहुतांशी तसे नाही. तेथे वर्षाला साधारण १००० ते २००० मिलीमीटर, काही भागांत त्याहूनही अधिक पाऊस पडतो, पण दरवर्षी काही महिन्यांचा ठळक कोरडा काळही असतो. त्या काळात झाड पाने गाळते, थोडेच दिवस उघडे राहते आणि लगेच नवी पालवी फोडते. ‘पानगळ होते म्हणजे कमी पाण्यावर येते’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद येथूनच निघतो, आणि तो अर्धाच खरा आहे. महोगनीच्या मुलखात वर्षाचा लहान भाग कोरडा आणि मोठा भाग ओला असतो. जळगाव जिल्ह्यात सातशे मिलीमीटरच्या आसपास पडणारा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. प्रमाण नेमके उलटे आहे.

पालवीची वेळ हा यातला कळीचा मुद्दा आहे, आणि तो मला त्या मळ्यातल्या जुन्या तडवी सालदाराने दाखवून दिला. मार्चच्या अखेरीस वरच्या डोंगरावर साग, सालई, अंजन उघडेबोडके उभे होते, आणि मळ्यात महोगनीला तांबूस-पोपटी, कोवळी पाने फुटत होती. तो म्हणाला, “सागाले अजून पान नाही, अन् हे झाड आताच कसं हिरवं होऊन राह्यलं?” प्रश्न अचूक होता. आपल्या कोरड्या पानगळीच्या जंगलातील झाडे उन्हाळा बहुतांशी बिनपानाने काढतात. महोगनीच्या मुलखात पालवी फुटल्यानंतर पाऊस फार लांब नसतो. खानदेशात मात्र त्या कोवळ्या पालवीपुढे एप्रिल आणि मे हे दोन महिने उभे असतात. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी झळा वाहतात, आणि हवेत ओल नावाला नसते. तो काळ महोगनी निभावते ती केवळ ठिबकच्या जोरावर. म्हणजे पाणी वाचावे म्हणून केळी काढली, आणि जे लावले त्याला पाण्याची खरी गरज ट्यूबवेल सर्वांत खोल गेलेली असते त्याच महिन्यांत पडू लागली. केळीइतके पाणी महोगनीला लागत नाही, हे खरे. पण ‘काहीच लागत नाही’ असे सांगितले गेले होते.

मूळ रानातील दुसरी गोष्ट म्हणजे हे झाड तेथे दाटीने राहत नाही. अनेक भागांत हेक्टरी एक मोठे झाडसुद्धा भरत नाही. ब्राझीलच्या पारा राज्याच्या आग्नेय भागात ही झाडे हंगामी ओढ्यांच्या कडेच्या सखल जमिनीवर घोळक्यांनी आढळतात. बोलिव्हियात नद्यांचे पूर जुने रान मोडून नवा गाळ पसरवतात तेथे ती उगवतात. आणि मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात चक्रीवादळाने व त्यामागून लागलेल्या वणव्याने उजाड झालेल्या मोठ्या मोकळ्या जागा त्यांना लाभतात. जाड सालीची, भक्कम मुळांची जुनी महोगनी अशा आपत्तीतून बहुधा वाचते. तिची लाकडासारखी टणक, उभी फळे कोरड्या हंगामात तळापासून पाच फाकांनी उलतात आणि लांब पंखाच्या बिया वाऱ्यावर गिरक्या घेत उतरतात. बी फार दिवस टिकत नाही. पहिल्या पावसात रुजले तर रुजले. रोप सावलीत उगवते, पण वरून उजेड मिळाला नाही तर काही वर्षांत खंगून मरते. उजेड मिळाला की ते भराभर वर चढते, आणि त्याच्या चारी बाजूंनी त्याच वयाची इतर जातींची गर्दी चढत असते. शेजाऱ्यांच्या या दाटीमुळे त्याला आडव्या फांद्यांचा पसारा करता येत नाही, आणि त्यातूनच ३०-४० मीटर उंच झाडाचे ते सरळ खोड घडते ज्याच्या फळ्यांनी युरोपातील दिवाणखाने सजले. आपण लागवड करतो तेव्हा झाड आणतो, पण त्याचे हे शेजारी आणत नाही.

शेंडा

शेजारी नसले की काय होते ते मधल्या उतारावर दिसते. तेथील झाडांचे खोड सहा-सात फुटांपर्यंत सरळ आहे आणि मग एकाच गाठीतून तीन-चार जाड फांद्या फुटल्या आहेत. त्या गाठीशी जुनी, भरून आलेली जखम आहे. पावसाळ्यात गेलो तेव्हा नव्या कोवळ्या शेंड्यांवरही तीच खूण होती: शेंडा मान टाकलेला, त्याच्या बेचक्यात भुशासारखी ओली विष्ठा आणि डिंकाचा थेंब. शेंडा उभा चिरला तर आत गाभ्याच्या जागी पोकळ बोगदा, आणि त्यात निळसर झाक असलेली अळी.

ही शेंडा पोखरणारी अळी म्हणजे हिप्सिपायला नावाच्या पतंगाची. अमेरिकेत तिची एक जात आहे, आशिया-आफ्रिकेत दुसरी. आपल्याकडची जात, हिप्सिपायला रोबस्टा, भारतात पूर्वीपासून तूण वगैरे देशी झाडांवर जगत आली आहे. महोगनी आल्यावर तिला नवे खाद्य मिळाले. अळी झाड मारत नाही. ती फक्त मुख्य शेंडा मारते, मग बाजूचे डोळे फुटतात, आणि इमारती लाकडाच्या दृष्टीने झाड तेथेच संपते. मूळ रानात महोगनी विखुरलेली असल्याने आणि इतर झाडोऱ्यात दडलेली असल्याने पतंगाला ती शोधावी लागते. उघड्या उन्हात ओळीने तेराशे झाडे मांडून ठेवली तर शोधण्याचे कामच उरत नाही. लॅटिन अमेरिकेत, महोगनीच्या स्वतःच्या मुलखात, तिच्या निव्वळ लागवडी वारंवार फसल्या त्या मुख्यत्वे या किडीमुळे. उलट फिजी बेटांवर, जेथे ही कीड नाही आणि पाऊस भरपूर आहे, तेथे जगातील सर्वांत मोठ्या महोगनी लागवडींपैकी एक उभी राहिली. विक्रेते फिजीची छायाचित्रे दाखवतात ती यासाठी. त्या छायाचित्रांत कीड नसते कारण त्या बेटांवरच ती नसते.

या मळ्यात आणखी एक स्थानिक कारण जोडले गेले. कुटुंबाचा हात केळीचा. केळीला ठिबकमधून विद्राव्य खते सोडण्याची जी सवय होती तीच महोगनीला लागू झाली, आणि पहिली तीन-चार वर्षे युरिया नियमाने जात राहिला. झाडे जोमाने वाढली आणि शेजारीपाजारी पाहायला आले. परंतु जोम म्हणजे कोवळा, रसरशीत, लांब शेंडा; आणि पतंगाला नेमका तोच हवा असतो. पाणी आणि नत्र सतत मिळाल्याने पालवी वर्षातून एकदा न येता लाटेमागून लाट येत गेली, आणि अळीच्या पिढ्यांना खंड पडला नाही. याच वर्षांत दर पालवीनंतर मळ्यातून फिरून, मेलेला शेंडा खालच्या निरोगी भागापर्यंत छाटून, फुटलेल्या डोळ्यांपैकी एकच सरळ फुटवा ठेवला असता तर बरीच खोडे वाचली असती. पण ‘मध्ये काही करायचे नाही’ असे ठरले होते, आणि करायला माणूसही नव्हता.

नाल्याकडच्या दोन ओळी का वाचल्या याचे उत्तर वरील सगळ्यात दडलेले आहे. तेथे गाळाची खोल जमीन आहे, मार्चपर्यंत खाली ओल टिकते, आणि बांधावर पूर्वीपासून निंब, करंज व बांबू आहेत, ज्यांची सावली सकाळ-संध्याकाळ झाडांवर पडते. बांबूच्या बेटाशेजारची झाडे उजेडासाठी सरळ वर गेली. त्यांच्या खोडाची छातीच्या उंचीवर घेतलेली गोलाई मधल्या उतारावरच्या झाडांच्या जवळपास दीडपट भरते. पारा राज्यातील ओढ्याकाठचा घोळका काय असतो, याची ओझरती कल्पना यावलच्या त्या दोन ओळींत येते.

जी झाडे महोगनीची नव्हती

वरच्या अंगाच्या ओळींचा उलगडा फेब्रुवारीत झाला. इतर झाडांची पाने पिवळी पडून गळत असताना या ओळी हिरव्यागार होत्या. जवळून पाहता पर्णिका, म्हणजे एका मोठ्या पानातली छोटी पाने, आखूड, टोकाशी बोथट, खालून फिकट. महोगनीची पर्णिका लांबट, टोकदार आणि बुडाशी एका बाजूला जास्त भरलेली असते. ती झाडे खाया सेनेगलेन्सिस या जातीची, म्हणजे व्यापारात ‘आफ्रिकन महोगनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाची निघाली. रोपवाटिकांत ही सरमिसळ सर्रास होते, कारण खायाचे बी आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या झाडांपासून सहज मिळते. फळे धरल्यावर शंका उरत नाही: खायाचे फळ चेंडूसारखे गोल आणि चार फाकांचे, महोगनीचे लांबट आणि पाच फाकांचे. पण फळे धरेपर्यंत विक्रेता कोठे सापडणार?

फसवणूक ती फसवणूकच. तरीही गंमत अशी, की या मळ्याला मानवलेली झाडे हीच आहेत. खाया सेनेगलेन्सिस हा वर्षावनाचा वृक्ष नाही. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या सवाना प्रदेशात, ६५० ते १३०० मिलीमीटर पावसाच्या आणि चार ते सात महिने कोरड्या असणाऱ्या मुलखात, विशेषतः ओढ्यांच्या काठाने तो वाढतो. खानदेशाचे हवामान त्या पट्ट्याच्या कोरड्या टोकाशी जुळते. वरच्या अंगाला ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्यामुळे दोन उन्हाळे पाणी नीट पोहोचले नव्हते, तरी त्या ओळींत मर झाली नाही. शेंडा पोखरणारी अळी खायालाही सोडत नाही आणि त्यांच्यातही फाटे फुटलेली झाडे आहेत. शिवाय त्याचे लाकूड अधिक जड, पिळाच्या रेषांचे, कापायला अवघड, आणि बाजारात महोगनीच्या तोडीचे मानले जात नाही. परंतु तग धरणे हा निकष लावला तर पत्रकातला दुसरा दावा चुकून लागलेल्या झाडांनीच खरा केला.

वीस घनफुटांचा हिशोब

आता तिसरा दावा. तो तपासायला वनशास्त्र लागत नाही, शाळेतले गणित पुरते. दहा बाय दहा फुटांवर लावले तर एकरी सुमारे ४३५ आणि हेक्टरी सुमारे १०७५ झाडे बसतात. पाच मीटर लांबीच्या सरळ खोडातून, वर निमुळते होत जाण्याची घट धरून, वीस घनफूट लाकूड मिळायचे असेल तर त्या खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर सुमारे ४५ सेंटीमीटर हवा. अशा खोडाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर होते. त्याला १०७५ ने गुणले तर हेक्टरी १७० चौरस मीटरहून अधिक भरते. चांगल्या, घनदाट उष्णकटिबंधीय जंगलात सगळ्या झाडांच्या छेदांची हेक्टरी बेरीज साधारणपणे २५ ते ४० चौरस मीटर असते. म्हणजे पत्रकाच्या हिशोबाप्रमाणे यावलच्या या मळ्यात अ‍ॅमेझॉनच्या जंगलाच्या चौपटीहून अधिक लाकूड, तेही बारा वर्षांत, उभे राहायला हवे. असे होत नाही. इतक्या दाटीत झाडे एकमेकांचे पाणी आणि उजेड ओढतात, आणि विरळणी केली नाही तर सगळीच बारीक राहतात.

चांगल्या ओलीच्या जागी, लागवडीत, महोगनीचा व्यास वर्षाला साधारण एक ते दोन सेंटीमीटरने वाढतो. वरची मर्यादा धरली तरी बारा वर्षांत २४ सेंटीमीटर होतात, आणि पाच मीटर सरळ खोड मिळालेच तर त्यातून साडेपाच घनफुटांच्या आसपास लाकूड निघते. मधल्या उतारावर सरळ खोड दोन मीटरच आहे, तेव्हा तेथे तेवढेही धरता येत नाही. शिवाय घनफूट सगळे सारखे नसतात. कुटुंबाने भुसावळच्या एका वखारीत विचारणा केली, तेव्हा वखारवाल्याने झाडांची संख्या विचारलीच नाही. गोलाई किती आणि लाल गाभा किती एवढेच विचारले. कोवळ्या महोगनीत बाहेरचे फिकट लाकूड जास्त आणि गाभा थोडा असतो, आणि ज्या लाकडामुळे महोगनीचे नाव झाले तो गाभा यायला तीस-चाळीस वर्षे लागतात. नैसर्गिक जंगलात तोडण्याजोगे झाड व्हायला तर शंभर वर्षेही लागू शकतात.

पहिल्या दाव्यातील निर्बंधांविषयी थोडक्यात सांगायचे तर, मोठ्या पानांच्या महोगनीचा समावेश धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्याचा निर्णय २००२ साली चिलीतील सान्तियागो येथे झाला आणि नोव्हेंबर २००३ पासून तो लागू झाला. त्याआधी २००१ मध्ये ब्राझीलने आपल्या जंगलातील महोगनीची तोड व व्यापार स्थगित केला होता. परंतु परिशिष्टातील ही नोंद अमेरिकेच्या उष्णकटिबंधातील झाडांपुरती आहे. फिजी, इंडोनेशिया, फिलिपिन्स येथील लागवडीचे लाकूड तिच्या कक्षेत येत नाही आणि ते बाजारात येतच असते. त्यामुळे यावलच्या बारा वर्षांच्या खोडाची स्पर्धा जुन्या जंगली महोगनीशी नसून त्या लागवडींतील जाड, गाभ्याच्या लाकडाशी आहे.

करार

स्टॅम्प पेपरवरचा करार मी दोनदा वाचला. रोपांची किंमत, हप्ते आणि शेतकऱ्याची कर्तव्ये यांवर त्यात सविस्तर मजकूर आहे. खरेदीविषयी एकच कलम आहे: माल ‘गुणवत्तेनुसार’ आणि ‘त्या वेळच्या बाजारभावाने’ कंपनी घेऊ शकेल. ‘घेईल’ असे नाही. गुणवत्ता कोण ठरवणार, किमान भाव काय, वाहतूक कोणाकडे, रोपे दुसऱ्या जातीची निघाल्यास काय, यांचा उल्लेखच नाही. पत्रकातील वीस घनफुटांचा आकडा करारात कोठेही आलेला नाही, आणि त्यावर मालाचा कोणताही दावा उभा करता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचे कंपनीचे कार्यालय दोन वर्षांपूर्वी बंद झाले. रोपांच्या जातीविषयी वकिलामार्फत पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ अशा शेऱ्यासह परत आली आहे. ग्राहक आयोगाकडे जायचे की नाही यावर घरात एकमत नाही. वडिलांना तो वेळेचा अपव्यय वाटतो, मुलगा जाण्याच्या बाजूने आहे. पावती आणि पत्रक दोन्ही जपून ठेवल्यामुळे निदान जातीच्या मुद्द्यावर बाजू मांडता येईल, असे माझे मत त्यांना सांगितले.

काय ठरले

सगळी महोगनी उपटून पुन्हा केळी लावावी, असा पहिला विचार होता. पाण्याचे गणित तसेच असल्यामुळे तो मागे पडला. जमिनीच्या ज्या भागात जे झाड टिकले त्या भागात ते ठेवायचे, या धोरणावर शेवटी सहमती झाली, आणि त्यासाठी मळ्याचे तीन वेगळे भाग मानण्यात आले.

नाल्याकडच्या दोन ओळी पूर्ण मुदतीसाठी ठेवायच्या आहेत. त्यांतील वाकडी झाडे काढून उरलेल्यांतील अंतर टप्प्याटप्प्याने वीस फुटांपर्यंत न्यायचे, बांधावरचा निंब-बांबू अजिबात तोडायचा नाही, आणि रासायनिक खत बंद करायचे. या झाडांची ई-पीक पाहणीत नोंद करून सातबाऱ्यावर ती येतील याची काळजी घ्यायची. साग, अंजन, मोह, खैर यांसारखी झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या अनुसूचीत आहेत, महोगनी नाही. तरी झाडे आपल्याच शेतात, आपणच लावलेली आहेत हे कागदावर असलेले केव्हाही बरे, आणि तोडीच्या वेळी वनखात्याकडे चौकशी करूनच पुढे जायचे.

मधल्या उतारावरची महोगनी निघाली. खोडे लाकूड म्हणून विकण्याजोगी नव्हतीच. त्यांतली सरळ तेवढी शेजाऱ्यांनी कुंपणासाठी आणि केळीच्या टेकूसाठी नेली, बाकीची सरपणाला गेली. दर चार ओळींतील एक ओळ मात्र मुद्दाम ठेवली आहे, ती हलक्या सावलीसाठी. या मोकळ्या जागेत यंदा हळद लावली आहे. हळदीला थोडी सावली चालते आणि पाणी केळीपेक्षा कमी लागते. तिच्या बांधांवर रोहण आणि शिवण यांची रोपे लावण्याचा आग्रह मी धरला होता; शिवण रोपवाटिकेत मिळाली, रोहणाची रोपे विकत कोठे मिळेनात. तेव्हा सालदाराच्या मुलाने मेमध्ये वरच्या वस्तीजवळच्या आपल्या शेताच्या बांधावरील झाडाचे बी गोळा करून आणले. रोहणाच्याही बिया पंखांच्या असतात आणि लवकर शिळ्या होतात, म्हणून त्या लगेच पिशव्यांत टोकल्या. निम्म्याहून कमी उगवल्या, पण जी उगवली ती जूनच्या उघडिपीत सुकली नाहीत.

खायाच्या ओळींविषयी निर्णय पुढे ढकलला आहे. दोन झाडांआड एक काढून विरळणी केली आहे, ठिबक तेथून कायमचे उचलले आहे, आणि प्रत्येक राहिलेल्या झाडाच्या खोडावर छातीच्या उंचीवर रंगाची रेघ मारून गोलाईची पहिली नोंद वहीत केली आहे. दर दिवाळीला तीच रेघ पाहून पुन्हा मोजायचे. सलग तीन वर्षे बिनपाण्याने गोलाई वाढत राहिली तर ती झाडे ठेवायची आणि भुसावळच्या त्याच वखारीत एखादे खोड चिरून गाभा पाहायचा. वाढ थांबली तर तेथे सागाचे खुंट लावायचे असे वडील आणि मुलगा या दोघांनाही मान्य आहे.